मनोहरभाऊंची कूलरवाली गाडी

मनोहरभाऊ गावंडे यांनी आपल्या मोटारीला कूलर बसवला असं कळलं, तेव्हा मी टेप घेऊन त्यांचं गेट मोजायला गेलो.

एसी नव्हे, कूलर. उन्हाळ्यात अमरावतीतल्या घरोघरी खिडकीला लटकतो तोच. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, आत एक छोटा पंप आणि पिठाच्या गिरणीसारखा आवाज करणारा पंखा. हा कूलर मनोहरभाऊंनी वडिलांच्या जुन्या अँबेसिडरच्या डावीकडच्या मागच्या दाराला, काच काढून, वेल्डिंगनं कायमचा चिकटवला होता. मी पोचलो तेव्हा ते गाडीशेजारी पाटावर बसून पाइपनं त्यात पाणी भरत होते.

"मनोहरभाऊ," मी म्हटलं, "गाडी साडेपाच फूट रुंद. कूलर बाहेर आला सव्वा फूट. झाले पावणेसात. तुमचं गेट सव्वासहा फूट. ही गाडी बाहेर कशी निघणार?"

मनोहरभाऊंनी माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"तुमी बांधकाम खात्यातले ना जी?"

"हो."

"मंग गेट तुमी पाहा. मी गाडी पाहून राहिलो."

मी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकाच्या टेबलावर आहे हे खरं. एखादं माप चुकलेलं दिसलं की मला जेवण गोड लागत नाही, हेही खरं. आणि अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून मनोहरभाऊ राहतात. त्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट मोजलेली नाही. मोजायची वेळ आली की ते एक डोळा मिटतात, हात लांब करतात, अंगठा उभा धरतात आणि म्हणतात, "फिट आये!"

हे "फिट आये" त्यांचं ब्रह्मवाक्य. भाजीत मीठ जास्त झालं, तरी फिट आये. आमच्या मुलाला बारावीत गणितात जेमतेम पासापुरते मार्क पडले तेव्हाही त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून तेच सांगितलं. माझा मुलगा त्यांना फार मानतो.

मनोहरभाऊंचं वलगावला वावर आहे. काळी, कसदार जमीन. पण ती त्यांनी कसायला दिली आणि वहिनी होत्या तेव्हाच शहरात घर बांधलं. मुलगा पुण्याला. वहिनी काही वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी अंगणातल्या लिंबाखालच्या गाडीवरची ताडपत्री काढली, आतले कांदे बाहेर काढले आणि मला भिंतीवरून हाक मारली.

"शेजारी! गाडी बनोतो म्हंतो."

"कशासाठी?"

"ताईले आणाचं आये अकोल्याहून. अखाजीले."

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडं लेकी माहेरी येतात. मनोहरभाऊंची थोरली बहीण कमलताई अकोल्याला दिलेली. अकोला काही सातासमुद्रापार नाही. बसनं गेलं तर चहा थंड व्हायच्या आत येतं असं म्हणत नाही, पण सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सहज पोचतो. तरी वडील, म्हणजे त्यांचे बाबाजी, गेल्यापासून कमलताई माहेरी आल्या नव्हत्या. वहिनी गेल्या तेव्हा आल्या, पण कोपऱ्यात बसून त्याच दिवशी परत गेल्या. त्यांना पुन्हा आणायचं, बाबाजींच्या गाडीतून आणायचं, असं मनोहरभाऊंनी ठरवलं. ताईंना मात्र अजून विचारलं नव्हतं.

"पहिले गाडी होऊ द्या," ते म्हणाले. "मंग विचारू."

इंजिन लवकर झालं. एक मिस्त्री येऊन आठवडाभर काळा होऊन गेला आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, आता हे निघतील. पण त्या वर्षीची अखाजी आली आणि गेली. का, तर सीट जुनी होती.

"ताईचे गुडघे दुखतेत. तिले आरामात बसता आलं पायजे."

मोडीत निघालेल्या एका ट्रॅव्हल्सच्या बसची पुशबॅक सीट त्यांनी पैदा केली आणि ड्रायव्हरच्या जागी बसवली. ती नुसती मागंच जाते, पुढं येत नाही. गाडी हलकी हादरली की पाठ सुटते आणि चालवणारा थेट छताकडं बघत आडवा होतो. मी म्हटलं, ही सीट ड्रायव्हरला कशाला? ताई तर मागं बसतील. मनोहरभाऊंनी पाना उचलला. नट आवळत राहिले. मग त्यांनी पाठीमागं एक लाकडाची फळी ठोकली आणि म्हणाले, "फिट आये."

पुढच्या वर्षी स्टीअरिंग जड होतं. कुठल्याशा नव्या गाडीचं हलकं स्टीअरिंग आणून बसवण्यात तो उन्हाळा गेला. ते इतकं हलकं झालं की लिंबावरून काड्या पडल्या तरी चाकं वळतील अशी मला भीती वाटायची.

त्याच्या पुढच्या वर्षी मागं बघायचा कॅमेरा. "मान वळवाले त्रास होते माणसाले या वयात." कॅमेरा लागला, पडदाही लागला. आणि गाडी मागं घेताना आवाज झाला पाहिजे म्हणून आरती लावली. परीक्षा म्हणून त्यांनी एक दिवस सकाळी रिव्हर्स गिअर टाकून ठेवला. गाडी विटांवर चढवलेली होती, त्यामुळं जाणार कुठंच नव्हती. पण आरती दणक्यात सुरू झाली. समोरच्या घरातल्या आजी ताम्हण आणि फूल घेऊन बाहेर आल्या. मग त्यांच्या सुना आल्या. मी दाढी अर्धी टाकून टॉवेलवर बाहेर आलो आणि हात जोडून उभा राहिलो. आरती संपेना. शेवटी आजींनी डिक्कीवर हळदकुंकू वाहिलं तेव्हा मनोहरभाऊंनी गिअर काढला.

"प्रसाद?" आजींनी विचारलं.

मनोहरभाऊंनी घरात जाऊन सगळ्यांना चिमूट चिमूट साखर आणून दिली. गाडी मागं घ्यायला इतका खटाटोप जगात कुणी केला नसेल.

कूलरसाठी त्यांनी डिक्कीत इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी ठेवली होती. त्याचा एक फायदा असा झाला, की गल्लीची लाइन गेली की त्यांची गाडी आमच्या घरांना लाइन पुरवू लागली. भर उन्हाळ्यात वायरींचं जाळं गाडीतून निघून चारी दिशांना जायचं. ज्या मोटारीनं माणसं न्यायची, ती एका जागी उभी राहून पंखे फिरवत होती. रात्री आम्ही तिच्या भरवशावर झोपत होतो, त्यामुळं तिला हसणं हळूहळू कमी झालं.

माझी बायको पातूरची. तिला गोल बोलणं येत नाही. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "तुमाले समजत कसं नाई? थे गाडी नाई बनवून राहिले. जाचं टाळून राहिले."

"टाळायचं काय त्यात? बहीणच तर आहे."

"बहीण आये म्हणूनच."

खरं काय ते मला मनोहरभाऊंनीच सांगितलं, आणि सांगितलं ते गाडीखाली आडवे पडून. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. काही गोष्टी माणसाला गाडीखालूनच बोलता येत असतील.

बाबाजींनी ही गाडी संत्र्याच्या एका भरघोस वर्षात घेतली. मनोहरभाऊ तेव्हा लहान. मुलाला गाडी शिकवायची बाबाजींची फार इच्छा. पण मनोहरभाऊंना गाडी लागायची. आत बसले की वलगावच्या अलीकडंच ओकायचे. बाबाजी वैतागले. म्हणाले, "या पोट्ट्याले सायकल घेऊन द्या," आणि गाडीची चाबी कमलताईंना दिली. ताई कॉलेजात होत्या. दोन वेण्या घातलेली मुलगी वलगावच्या रस्त्यानं अँबेसिडर हाकते, हे बघायला म्हणे लोक वावरातून बांधावर यायचे. मग लग्न झालं. अकोल्याच्या घरी सुनेनं गाडी चालवायची पद्धत नव्हती. तो विषय संपला.

"बाबाजी गेल्यावर हक्कसोड झालं," गाडीखालून आवाज आला. "ताईनं सही करून देल्ली. एका शब्दानं काही मांगितलं नाई. वावर नाई, घर नाई, सोनं नाई. सही झाल्यावर मने, मनोहर, तेवढी गाडी मले दे."

बहिणींनी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडून द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्याबद्दल कुणी कुणाला दोष देत नाही. दिला पाहिजे, पण देत नाही.

"मग?"

"मी म्हटलं, बाईमाणसाले गाडी कायले पायजे? भंगार आये थे. राहू दे दारात, बाबाजीची निशाणी."

पाय आत ओढले गेले.

"मले तं चालवताबी येत नव्हती जी."

पाना पडल्याचा आवाज आला.

"तो दहा नंबरचा पाना द्या इकडं," मनोहरभाऊ म्हणाले.

मग मला सगळं कळलं. पुशबॅक सीट ड्रायव्हरला का, स्टीअरिंग हलकं का, मान न वळवता मागचं दिसायला का हवं. ते ताईंना आणायला गाडी बनवत नव्हते, ताईंना द्यायला बनवत होते. आणि द्यायला गेल्यावर ताईंनी "आता कशाला?" म्हटलं तर काय, याची भीती असल्यामुळं दर उन्हाळ्याला एक नवा पार्ट निघत होता. कूलर हा शेवटचा. त्याच्यापुढं गाडीला लावण्यासारखं आता जगात काही उरलं नव्हतं.

अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ते माझ्याकडं आले. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला तेल.

"निंगाचं आये."

"ड्रायव्हर कोण?"

"तुमी."

"मी? अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तं तुमी मोजत बसले असते."

उरला प्रश्न गेटचा. गेटचा खांब आमच्या दोघांच्या भिंतीच्या टोकाला. नियमानं पाहिलं तर उत्तरेकडचा अर्धा माझा. मी ते मनोहरभाऊंना समजावून सांगेपर्यंत त्यांनी लोखंडी सब्बल घालून खांब पाडला होता, माझ्या अर्ध्यासकट.

"आता मोजा," ते म्हणाले.

मी मोजलं. दोन्हीकडं चार चार बोटं राहत होती. फिट होतं.

निघालो. मी चालवत होतो, पाठीला फळी. मनोहरभाऊ माझ्याशेजारी, मांडीवर लिंबं आणि प्लास्टिकची थैली घेऊन. मागं कूलर सुरू. त्याची हवा बर्फासारखी गार, पण दुसरीकडची काच उघडी ठेवली तरच; आणि काच उघडली की अकोल्याच्या दिशेची झळ आत येत होती. शिवाय ब्रेक मारला की टाकीतलं पाणी पुढं यायचं आणि माझी मान भिजायची. मी ब्रेक मारायचं सोडून दिलं. त्यामुळं वेग चाळिसाच्या वर नेता येईना.

बडनेऱ्याच्या पुढं एका पोलिसानं हात केला. उन्हानं माणूस विटेसारखा लाल झाला होता.

"हे काय आये?"

"कूलर," मी म्हटलं.

"गाडीले?"

"हो."

"गाडीले कूलर लावता येते काय? कोन्या कायद्यात आये?"

"लावता येत नाही असंही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही," मी म्हटलं. मी रात्री बसून तेवढं वाचलं होतं.

"पाहू द्या." त्यानं उघड्या काचेतून आत डोकं घातलं. त्याच्या तोंडावर कूलरची हवा लागली. तो बोलायचा थांबला. टोपी काढली. आणखी आत आला. बराच वेळ झाला, तरी डोकं बाहेर येईना. मागं दोन ट्रक येऊन उभे राहिले.

"साहेब," मनोहरभाऊ थैलीतून तोंड काढून म्हणाले, "जाऊ काय?"

"थांबा ना बाप्पा," आतून आवाज आला. "चौकशी करून राहिलो."

चौकशी पुरी झाल्यावर त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी कूलरमध्ये ओतलं आणि आम्हाला वाट करून दिली.

मनोहरभाऊ बडनेऱ्याला एकदा ओकले, मूर्तिजापूरला एकदा. प्रत्येक वेळी तोंड धुऊन येऊन म्हणायचे, "सस्पेन्शन फिट आये." बोरगावपर्यंत त्यांचा चेहरा दुधीभोपळ्याच्या रंगाचा झाला होता. मी म्हटलं, तुम्ही बसनं जायचं होतं, मी गाडी आणली असती. ते म्हणाले, "मुराळी बसनं जाते काय?" बहिणीला न्यायला जाणारा भाऊ तो मुराळी. साठी उलटलेला, हिरवापिवळा, हातात थैली असलेला मुराळी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

कमलताई अकोल्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. मुलाचं नाव नितीन. आम्ही बिल्डिंगखाली पोचलो आणि मी गाडी लावायला मागं घेतली. आरती सुरू झाली. चार मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावर पांढऱ्या केसांची, उंच, ताठ अशी एक बाई कठड्याला धरून उभी होती. ती खाली वाकून बघत राहिली. आरती म्हणणाऱ्या गाडीकडं नव्हे. गाडीतून धडपडत उतरणाऱ्या माणसाकडं.

त्या खाली आल्या. मागोमाग नितीन.

मनोहरभाऊंनी काय बोलायचं ते वर्षानुवर्षं ठरवलं असणार. पण त्यांनी आधी हातातली थैली पाठीमागं लपवली. ताईंनी गाडीला एक पूर्ण चक्कर मारली. कूलरपाशी थांबल्या, त्यात बोट घालून पाणी पाहिलं. कॅमेरा पाहिला. सीटमागची फळी पाहिली. मग पुढं येऊन म्हणाल्या, "बॉनेट खोल."

मनोहरभाऊंनी बॉनेट उघडलं.

"इंजिन तेच आये?"

"तेच आये, ताई."

"मंग बाकीचा तमाशा कायले केला रे?"

मनोहरभाऊंनी वाकून गाडीला लावलेली चाबी काढली आणि पुढं केली.

"तुई गाडी आये. तवा नाई देल्ली मी. आता घे."

ताईंनी चाबी घेतली नाही. गॅलऱ्यांमधली माणसं कठड्यावरून ओणवी झाली होती. कूलर गरगरतच होता. तो बंद करायचं मलाही सुचलं नाही.

"आता?" ताई म्हणाल्या. "आता माया गुडघा क्लच दाबते काय?"

मनोहरभाऊंची मान खाली गेली. क्लचवर त्यांनी काहीच बसवलं नव्हतं. त्यांच्या एवढ्या वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये तेवढी एक गोष्ट राहून गेली होती.

नितीन मधे पडला. चांगला मुलगा आहे, पण व्यवहारी. "मामा, प्रेमानं आणली तुम्ही, पण इथं ठेवायची कुठं? पार्किंग एकच आहे, तिथं माझी गाडी. सोसायटीत आधीच भांडणं."

"हाव ना," मनोहरभाऊ म्हणाले. "बरोबर आये. मी मोजलंच नाई." ते बॉनेट लावायला वळले.

ताई बॉनेटवर हात ठेवून उभ्याच होत्या. "थांब," त्या म्हणाल्या. "मी लुगडे भरून येतो."

"ताई?"

"ठुवाले जागा नाई ना अठी? मंग गाडी राहू दे अमरावतीले. गाडी जठी राहीन तठी मले याच लागीन पाहाले." मग नितीनकडं वळून म्हणाल्या, "पाहत काय राहिला? माया गोळ्या आण वरून."

येताना ताई मागं बसल्या, कूलरच्या अगदी समोर. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगमध्ये इतक्या चुका काढल्या की मला आमच्या खात्यातलं ऑडिट आठवलं.

"गिअर बदला ना जी, इंजिन रडून राहिलं... क्लचवरचा पाय काढा, थो पायदान नाई... ब्रेकची काहून भीती वाटते तुमाले?"

मी ब्रेक मारला. पाण्याचा लोट आला. ताई भिजल्या आणि मोठ्यानं हसल्या. त्या हसल्यावर मनोहरभाऊंनी मागं वळून पाहिलं, आणि मागं वळून पाहिल्यामुळं त्यांना पुन्हा मळमळलं.

गाडी बाजूला घेतली. मनोहरभाऊ बाभळीखाली ओणवे झाले. ताई गुडघे सांभाळत उतरल्या, जवळ गेल्या आणि एका हातानं त्यांचं कपाळ धरून दुसऱ्या हातानं पाठ चोळू लागल्या.

"अजून तसाच आये लेकाचा," त्या मला म्हणाल्या. "वलगाव आलं की माया पदर खराब."

मनोहरभाऊ काहीतरी बोलायला बघत होते. "ताई, तवा मी..."

"उलटी कर पहिले," ताई म्हणाल्या. "बोलाचं मंग."

ते बोलणं नंतर झालं की नाही मला माहीत नाही. अखाजी मात्र झाली. पुरण आमच्या घरी शिजलं, आमरस त्यांच्या. ताईंनी अंगणात खुर्ची टाकून गल्लीतल्या सगळ्या बायकांना गाडी सुरू कशी करायची ते शिकवलं. समोरच्या आजींनी दोनदा आरती लावून घेतली. संध्याकाळी अकोल्याहून नितीनचा फोन आला. आई परत कधी येणार? ताईंनी सांगितलं, "आली तशीच येईन. गाडीनं. उद्या नाईतं परवा."

हे बोलणं मी भिंतीअलीकडून ऐकलं, आणि मनोहरभाऊंनी भिंतीपलीकडून. त्यांच्या तोंडून "फिट आये" निघालं नाही. पडलेल्या खांबाच्या विटा उचलून एकावर एक रचत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालायला बाहेर आलो तर मनोहरभाऊ बॉनेट उघडून आत वाकले होते.

"काय झालं? बिघडली?"

"नाई."

"सुरू होत नाही?"

"होते ना. एका झटक्यात होते." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "तेच तं."

मी बघत राहिलो. त्यांनी इंजिनाला ठिणगी पुरवणारी, कॉइलची ती जाड काळी वायर धरली, अलगद उपसून काढली आणि गुंडाळून पायजम्याच्या खिशात घातली. खांब पाडताना त्यांनी एवढी काळजी घेतली नव्हती.

"मनोहरभाऊ, हे काय करताय?"

"हळू बोला जी."

पण कमलताई चहाचे कप घेऊन दारात आल्याच होत्या.

"काय झालं रे गाडीले?"

"चालू नाई होऊन राहिली," मनोहरभाऊ जमिनीकडं बघत म्हणाले. "काय करावं काई समजत नाई." आणि मग माझ्याकडं वळून, फार केविलवाणं, "सांगा ना जी तुमी."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. अर्ध्या फुटासाठी मी मोठमोठ्या ठेकेदारांशी वैर घेतलं आहे. मी गाडीजवळ गेलो, आत वाकलो, उगाच दोन ठिकाणी हात लावला आणि म्हणालो, "वायर गेली, ताई. कॉइलची. जुन्या गाडीची वायर, इथं मिळत नाही. मागवावी लागेल. आठ दिवस तरी लागतील."

ताईंनी चहा बॉनेटच्या कडेवर ठेवला. वायरीची रिकामी जागा पाहिली. मग त्यांची नजर मनोहरभाऊंच्या खिशाकडं गेली. वायरीचं एक काळं टोक बाहेर लोंबत होतं.

मनोहरभाऊ इंजिनाकडं बघू लागले. मीही.

ताईंनी एक कप मला दिला, एक त्यांना.

"आठ दिवसांत कायची येते?" त्या मला म्हणाल्या. "तुमी तं हिशेबाचे पक्के मने. जुन्या गाडीचे पार्ट इतक्या लवकर भेटत नसतेत. महिना धरा."